दोन वह्यांमधली एक आकृती

मे महिन्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलांचा कूलर बंद पडला. मोटर नुसती गुणगुणत होती, पंखा फिरत नव्हता. कंडेन्सर गेला होता. भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादमध्ये मेच्या रात्री कूलरशिवाय झोप लागत नाही, आणि मुलांची परीक्षा तोंडावर आलेली. म्हणून नवा कंडेन्सर घेऊन मीच वर गेलो. दोघांपैकी एक पांढुर्ण्याचा, दुसरा मुलताईचा. दोघांच्याही घरी मराठी बोलतात, त्यामुळे भाडेकरू म्हणून आलेली ही मुलं आठवडाभरात मला काका म्हणू लागली. कॉलेजं वेगळी, वर्षंही वेगळी, अभ्यासाचं टेबल मात्र एक.

त्या टेबलावर दोन वह्या उघड्या होत्या. धाकट्याची एम-थ्री, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरची. पानावर संमिश्र चलांमधलं एक रूपांतर सोडवलेलं होतं: झेड बरोबर कॉश डब्ल्यू. शेवटी आकृती. एकाच दोन नाभींभोवती मोठी मोठी होत जाणारी लंबवर्तुळं आणि त्यांना जिथे तिथे काटकोनात छेदणारे अपास्त वक्र. खाली पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘७ मार्क’. थोरल्याची वही सिंचन अभियांत्रिकीची. तिच्यात बंधाऱ्याची आडवी फरशी, फरशीखाली वाळू आणि त्या वाळूतून वरच्या बाजूकडून खालच्या बाजूकडे झिरपत जाणाऱ्या पाण्याच्या वाटा. त्याही लंबवर्तुळाकार. त्यांना काटकोनात छेदणाऱ्या समान दाबाच्या रेषा. शेजारी चौकटीत अभियंते अजुध्यानाथ खोसला यांची सूत्रं, आणि चौकटीबाहेर ‘पाठ’ असा शेरा.

दोन्ही आकृत्या एकच होत्या. सारखी अक्षरं नव्हती आणि धाकट्याची आकृती पूर्ण होती, थोरल्याची फक्त खालची अर्धी. पण रेघ न रेघ तीच. मी विचारलं, “तुम्ही एकमेकांच्या वह्या बघता का?” थोरला म्हणाला, “नाही काका, त्याचं गणित आहे, माझं सिव्हिल.”

या उत्तरात मुलांचा काही दोष नाही. मी पस्तीस वर्षं पाण्याच्या कामात घालवली आणि माझीही पहिली कितीतरी वर्षं त्याच उत्तरावर गेली. मला खोसला शिकवले गेले ते फळ्यावरच्या सूत्रांच्या रूपात. एका सूत्रात कॉस इन्व्हर्स होता आणि त्याच्यामागे एक भागिले पाय (π). नदीच्या वाळूवर अंथरलेल्या सरळसोट फरशीखाली वर्तुळाचा पाय कुठून आला, हे मी कुणाला विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. त्याच्या आदल्या वर्षी, शेजारच्याच इमारतीत, आम्हाला संमिश्र चल शिकवले होते. तिथे वर्गातल्या प्रत्येकानं मनात विचारलं असेल की याचा उपयोग काय. म्हणजे एका खोलीत उपयोग शोधणारं गणित बसलेलं आणि दुसऱ्या खोलीत उगम शोधणारं सूत्र. मध्ये भिंत. ती पाडायला कुणाची परवानगी लागत नाही, तरी ती उभीच आहे.

आता ती आकृती जरा सावकाश बघू. चाळीस मीटर रुंदीची सपाट फरशी घ्या, वाळूवर ठेवलेली. वरच्या बाजूला चार मीटर पाणी, खालची बाजू कोरडी. पाणी फरशीवरून जाऊ शकत नाही म्हणून खालून वाट काढतं. मराठीत याला पाझर हा फार चांगला शब्द आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पाझर तलाव गावोगाव झाले आणि शब्द शेतकऱ्याच्या तोंडी पक्का बसला. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरगे कितीही घट्ट बसवले तरी तळातून जाणारं पाणी ज्यानं पाहिलं आहे, त्याला वेगळं सांगायला नको. या पाझराचा दाब फरशीला खालून वर उचलू पाहतो. फरशी किती जाड हवी, हे त्या दाबावर ठरतं. मग दाब ठरवायचा कसा?

१९१० सालच्या, ब्लाय या अभियंत्याच्या पद्धतीत उत्तर सोपं होतं. पाणी फरशीच्या तळाला चिकटून सरकतं, आणि जितकं अंतर सरकतं तितका दाब सारख्या हिशेबानं उतरतो. तीन चतुर्थांश रुंदी ओलांडली की एक चतुर्थांश दाब उरतो. आपल्या उदाहरणात एक मीटर. सरळ रेषेचा हिशेब. पण पाणी फरशीला चिकटून जात नाही. वाळू खोल आहे, पाणी त्या सगळ्या खोलीतून वळसा घालत जातं. हा वळसा कॉशचं रूपांतर जसाच्या तसा सांगतं. फरशीची दोन टोकं म्हणजे लंबवर्तुळांच्या नाभी. पाण्याच्या वाटा म्हणजे लंबवर्तुळं. समान दाबाच्या रेषा म्हणजे अपास्त. डब्ल्यूच्या प्रतलावर हाच सगळा गुंता सरळ आडव्या-उभ्या रेघांची जाळी होऊन जातो, जणू चौकटीची वही. तिथे दाब काढायला मोजपट्टी पुरते. मग मोजलेलं घेऊन परत वाळूत यायचं. परत येताना कॉसचा उलटा फल लागतो, आणि तो कोन सांगतो. पूर्ण फरशी म्हणजे १८० अंश, म्हणजे पाय. भागाकारातला पाय तिथून आला. तीन चतुर्थांशावरच्या बिंदूला कोन येतो ६० अंश. साठ भागिले एकशे ऐंशी, एक तृतीयांश. चार मीटरच्या एक तृतीयांश म्हणजे सव्वा मीटरहून थोडं जास्त. ब्लाय यांचा हिशेब तिथे एक मीटर सांगतो. फरशीखालचा दाब तिथे तिसऱ्या हिश्शानं जास्त आहे आणि सरळ रेषेला त्याची खबर नाही.

ही खबर हिंदुस्थानातल्या अभियंत्यांना कागदावर लागली नाही, कामावर लागली. १८९८ साली गंगेवरचा नरोऱ्याचा बंधारा पाझरामुळेच फुटला होता. पुढे १९२६-२७ च्या सुमारास अप्पर चिनाब कालव्यावरच्या सायफनांना त्रास होऊ लागला. ती कामं ब्लाय यांच्या नियमानं केलेली होती. खोसलांनी फरशीखाली नळ्या घालून दाब प्रत्यक्ष मोजले, तेव्हा मोजलेले आकडे आणि नियमाचे आकडे जुळले नाहीत. १९३६ साली खोसला, बोस आणि टेलर यांचा ग्रंथ केंद्रीय सिंचन मंडळानं काढला: ‘डिझाइन ऑफ वेअर्स ऑन परमिएबल फाउंडेशन्स’. त्यात संमिश्र चलांचं गणित, श्वार्ट्झ आणि क्रिस्टोफेल यांचं रूपांतर, पंजाबच्या नद्यांच्या वाळूला लावलेलं आहे. हे खोसला पुढे रुरकी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, ओरिसाचे राज्यपाल झाले, आणि नर्मदेच्या पाण्याचा विचार करायला १९६४ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्षही तेच होते. मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात नर्मदेबद्दल जितकं बोललं गेलं, त्यात हे नाव असंख्य वेळा आलं असेल. पण हाच माणूस संमिश्र चलांच्या गणिताला कालव्यावर घेऊन गेला, हे किती जणांना ठाऊक आहे?

त्या ग्रंथाचं खरं बळ मला फरशीच्या खालच्या टोकाशी दिसतं. पाणी वाळूतून वर येताना जिथे बाहेर पडतं, तिथे त्याचा रेटा वाळूचा कण उचलण्याइतका झाला तर वाळू उकळू लागते. आधी कण, मग मूठ, मग फरशीखाली पोकळी. सूत्र सांगतं की नुसती सपाट फरशी असेल, टोकाशी खाली ठोकलेली शीट पाइल नसेल, तर टोकाच्या बिंदूवर हा रेटा अनंत होतो. फरशी चाळीस मीटरऐवजी चारशे मीटरची केली तरी अनंतच. टोकाशी पाइल घातली की तो आवाक्यात येतो. आपल्याच फरशीला पाच मीटर खोल पाइल घाला: रेटा सुमारे एक अष्टमांश. दोन मीटरच घाला: सुमारे एक पंचमांश. बारीक वाळूला सुरक्षित मानतात ते एक षष्ठांश ते एक सप्तमांश. म्हणजे पाच मीटरची पाइल बंधारा वाचवते, दोन मीटरची वाचवत नाही. ब्लाय यांच्या हिशेबात पाण्याची वाट पहिल्या वेळी ५० मीटर आणि दुसऱ्या वेळी ४४; फरक असून नसल्यासारखा. त्यातही पाइल वरच्या टोकाला घातली की खालच्या, हे त्या हिशेबाला सारखंच. वाळूला मात्र ते सारखं नसतं.

हे सगळं मी त्या रात्री मुलांना वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं. धाकट्यानं एकच प्रश्न विचारला, पण तो मुळावरचा होता. “काका, पण यात आय कुठे आहे? पाण्यात तर काल्पनिक काही नाही.”

या ‘काल्पनिक’ शब्दानं फार नुकसान केलं आहे. भास्कराचार्यांनी बीजगणितात, ११५० च्या सुमाराला, ऋण संख्येला वर्गमूळ नाही असं स्वच्छ सांगून टाकलं, कारण ऋण संख्या कुठल्याच संख्येचा वर्ग नसते. त्या काळच्या संख्यांपुरतं ते अगदी बरोबर होतं. आपल्या गणिताच्या परंपरेत शंका स्पष्ट मांडायची सवय होती, हे त्यांच्या त्या वाक्यातूनही दिसतं. चारशे वर्षांनी इटलीत बॉम्बेली यांच्यापुढे एक घन समीकरण आलं. त्याचं उत्तर ४ आहे हे डोळ्यांना दिसत होतं, पण सूत्रानं जायचं तर वाटेत ऋण १२१ चं वर्गमूळ लागत होतं. १५७२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी ते तसंच हातात धरून पुढे हिशेब केला. शेवटी ते एकमेकांत विरून गेलं आणि ४ हातात आले. निघताना वास्तव, पोचताना वास्तव, मध्ये एक प्रवास. खोसलांची फरशीही असाच प्रवास करते.

आणि आय, हे ऋण एकचं वर्गमूळ, म्हणजे काय, तर काटकोनात वळणं. एकदा वळलात की बाजू बदलते, दोनदा वळलात की तोंड उलट्या दिशेला होतं. उलट दिशा म्हणजे ऋण एक. इतकंच. पाझराच्या आकृतीत पाण्याची वाट आणि समान दाबाची रेषा सतत काटकोनात असतात. कॉशी आणि रीमान यांच्या दोन समीकरणांचा अर्थ तोच की या दोन गोष्टी स्वतंत्र नाहीत. दाबाचं चित्र पक्कं झालं की वाटांचं चित्र आपोआप पक्कं होतं. परीक्षेत ही समीकरणं ‘तपासा’ म्हणून येतात. मुलं तपासतात, समाधान करतात म्हणून लिहितात, मार्क मिळवतात. त्या दोन ओळींत पाण्याची सगळी शिस्त सांगितलेली आहे, हे कुणी बोलत नाही.

मग मी कंडेन्सरकडे बोट दाखवलं. तो नुकताच बसवला होता आणि पंखा फिरू लागला होता. कूलरच्या मोटरला दोन गुंडाळ्या असतात. दोन्हींत प्रवाह एकाच तालात गेला तर चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी थरथरतं, मोटर गुणगुणते आणि उभी राहते. कंडेन्सर एका गुंडाळीतला प्रवाह पाव आवर्तनाच्या जवळपास पुढे काढतो. पाव आवर्तन म्हणजे नव्वद अंश, नव्वद अंश म्हणजे आय. विजेवाले त्याला जे म्हणतात, कारण आय त्यांनी प्रवाहासाठी राखून ठेवला आहे. क्षेत्र फिरू लागतं आणि पंखा त्याच्यामागे जातो. १८९३ साली शिकागोच्या विद्युत परिषदेत स्टाइनमेट्झ यांनी प्रत्यावर्ती विजेची गणितं संमिश्र संख्यांनी मांडली, तेव्हापासून विजेच्या अभियंत्यानं ही संख्या सोडलेली नाही. पिपलानीकडच्या भेलच्या कारखान्यातला ट्रान्सफॉर्मर असो की दहा-बाराशे रुपयांची कूलरची मोटर, हिशेब तोच. ज्याला आपण कल्पित म्हणतो, ते नसलं की कोटऱ्यात रात्री झोप येत नाही.

याहून पुढे विमानाच्या पंखावरच्या हवेचं, नियंत्रण यंत्रणा स्थिर राहील की नाही हे ठरवणाऱ्या नायक्विस्ट यांच्या १९३२ च्या निकषाचं असं बरंच सांगता येईल. मला इथे ते सांगायचं नाही. मला उलट बाजूचा आक्षेप विचारात घ्यायचा आहे, कारण तो खरा आहे आणि तरुण अभियंते तो माझ्यापुढे नेहमी ठेवतात. आता हे सगळं संगणक करतो. वाळूचे तुकडे पाडायचे, जाळी करायची, कळ दाबायची. शिवाय संमिश्र चलांची पद्धत दोन मितींपुरतीच चालते. जमीन एकसारखी हवी. एका थराखाली दुसरा थर आला, नदीचं वळण आलं, बाजूनं पाणी आलं की ही सुंदर लंबवर्तुळं कामाची उरत नाहीत. हे सगळं मला मान्य आहे. खऱ्या कामाचा आराखडा आज मी संगणकाशिवाय करू देणार नाही.

पण एक अहवाल मी विसरलेलो नाही. एका छोट्या बंधाऱ्याची फरशी होती, खालच्या टोकाला पाइल नव्हती, आणि संगणकानं काढलेला बाहेर पडतानाचा रेटा सुरक्षित होता. आकडा चार दशांश स्थळांपर्यंत छापलेला. मी करणाऱ्याला म्हटलं, जाळी निम्मी बारीक करून पुन्हा काढा. आकडा वाढला. पुन्हा निम्मी करा. पुन्हा वाढला. तो चांगला, मेहनती मुलगा होता. त्याला वाटलं संगणकात काही बिघाड आहे. बिघाड काहीच नव्हता. टोकाशी उत्तर अनंत आहे, आणि जाळी कितीही बारीक केली तरी ती अनंताला कुठला तरी आकडा देणारच. ज्यानं कॉस इन्व्हर्सचा आलेख टोकाशी उभा चढताना एकदा पाहिला आहे, तो हा आकडा बघून थांबतो. ज्यानं तो पाहिला नाही, तो त्यावर सही करतो. संमिश्र चल शिकवायचे ते उत्तर काढण्यासाठी नव्हे, उत्तर ओळखण्यासाठी, असं माझं मत या एका प्रसंगानं झालं आणि ते बदललेलं नाही.

भोपाळमध्ये तर हा विषय शिकवायला आकृतीचीही गरज नाही. कमला पार्कच्या बांधावर उभं राहायचं. एका हाताला मोठा तलाव, राजा भोजाच्या नावानं अकराव्या शतकापासून सांगितला जाणारा. दुसऱ्या हाताला छोटा तलाव, १७९४ साली नवाबाचे दिवाण छोटे खान यांनी करवलेला. मोठ्या तलावाचं पाणी पाझरून छोट्यात येतं. वरून बांधावर रहदारी चाललेली असते आणि पायाखाली दोन पातळ्यांमधला तो प्रवास शतकांमागून शतकं चालू असतो. तिथली माती आणि दगड एकसारखे नाहीत, सूत्रात आकडे घालून त्याचा हिशेब होणार नाही. तरीही पाणी तिथे जी वळणं घेतं ती त्याच शिस्तीतली. आमच्या घरापासून भदभदा धरणही दूर नाही. पावसाळ्यात मोठा तलाव भरला की १९६५ साली बांधलेल्या त्या धरणाचे दरवाजे उघडतात आणि सगळा कोटरा, सगळं नेहरूनगर ते पाणी बघायला जातं. वरचं पाणी बघायला सगळे जातात. खालचं पाणी बघायला गणितच लागतं. मॅनिटसारखी १९६० पासूनची अभियांत्रिकी संस्था आमच्या हाकेच्या अंतरावर आहे, आजूबाजूच्या खोल्यांत अभियांत्रिकीची मुलं भरलेली आहेत. इतकी मुलं आणि इतकं पाणी एका जागी फार थोड्या शहरांत असेल.

एम-थ्री शिकवणाऱ्या शिक्षकांना आणि सिंचन शिकवणाऱ्या शिक्षकांना म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. अभ्यासक्रम बदलायची वाट बघू नका. कॉशचं रूपांतर शिकवाल त्या दिवशी आडव्या अक्षावर नाभीपासून नाभीपर्यंत एक जाड रेघ ओढा, तिच्याखाली ‘वाळू’ लिहा आणि खोसलांचं नाव सांगा. खोसला शिकवाल त्या दिवशी मुलांना मागच्या वर्षीची गणिताची वही आणायला सांगा. त्या रात्री माझ्याकडे फळा नव्हता, वहीचं मागचं पान होतं. दोन्ही आकृत्या एकमेकींवर ठेवून पाय कुठून आला इथपर्यंत पोचायला मला पाऊण तास लागला.